उष्टा दगड

शेवाळ मला आजही बघवत नाही. न्हाणीच्या कोपऱ्यात हिरवी रेघ दिसली की मी राख आणि काथ्या घेऊन बसते आणि ती जाईपर्यंत उठत नाही. सुना हसतात. म्हणतात, आई, फिनेल टाका की. फिनेलने ते मरतं, पण जागचं हलत नाही, आणि मेलेलं शेवाळ जिवंतापेक्षा वाईट दिसतं. हे ज्ञान मला ज्यांच्यामुळे झालं त्यांचं नाव बेदरकर मास्तर. त्या माणसाची मला जितकी किळस आली तितकी तोवरच्या आयुष्यात कोणाची आली नव्हती. पुढे आणखी एका माणसाची आली, पण ते ओघाने येईलच.

एकोणीसशे तीस साल उलटून तीनचार वर्षं झाली असतील. आम्ही तेव्हा नाशकात पंचवटीच्या बाजूला, गंगेपासून हाकेच्या अंतरावर राहत होतो. गोदावरीला गोदावरी म्हणणारा माणूस नाशकात पाहुणाच. एका ओळीत चार बिऱ्हाडं, मागे सगळ्यांचं मिळून एक परसू, त्यात विहीर, धुण्याचा दगड, माझी तुळस आणि पूर्वी कधीतरी जनावरांना पाणी पाजायला केलेली एक दगडी डोणी. आमचे हे कचेरीत कारकून होते. शेवटची खोली बरेच दिवस रिकामी होती. तिथे हायस्कुलातले शास्त्राचे शिक्षक येणार असं घरमालकांनी सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. शिक्षक म्हणजे स्वच्छ, शांत माणूस, अशी माझी समजूत.

टांगा थांबला तेव्हा मी खिडकीत होते. उंच, पाठीत वाकलेला, गळाबंद कोट घातलेला एक माणूस उतरला. ट्रंक उतरवली, वळकटी उतरवली, मग धोतरात गुंडाळलेल्या सात बरण्या एकेक करून अशा उतरवल्या की आत लोणचं आहे की तान्हं मूल, कळेना. टांगेवाला गेल्यावर रस्त्याच्या कडेला खडीचा ढीग होता तिकडे तो गेला, एक दगड उचलला, उलटासुलटा पाहिला आणि चाटला. चांगला जीभ लावून चाटला. मग मान हलवून फेकून दिला आणि दुसरा उचलला.

संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "नवा भाडेकरू दगड चाटतो."

"शाळेत काम करतो ना," हे म्हणाले, "पगारात भागत नसेल."

ह्यांना सगळ्याची थट्टाच. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. आणि लोणचं नव्हतंच बरण्यांत. शेवाळ होतं. निरनिराळ्या जागेचं, निरनिराळ्या हिरव्या रंगाचं, एका बरणीत तर काळपट निळं, आणि झाकणं उघडली की परसूभर ओल्या पोतेऱ्याचा वास सुटायचा. मास्तरांच्या कोटालाही तोच वास. नखांच्या कडांना हिरवं. ते माझ्याशी बोलायला उभे राहिले की मी वाऱ्याची दिशा पाहून जागा बदलायची.

माणूस वाईट नव्हता, हेही सांगून टाकते. बायको फार लवकर गेलेली, मूलबाळ नाही. स्वतः भाकरी थापायचे, आणि ती माझ्यापेक्षा बरी फुगायची. कांदा बुक्कीने फोडायचे. चार बिऱ्हाडांतल्या कोणाचं पोर आजारी असलं तर वैद्याकडे धावत जाणारे तेच. मूळचे बागलाणातले, सटाण्याकडचे. एरवी शाळेतल्या पुस्तकासारखं बोलायचे, पण आनंद झाला की जीभ त्यांना न विचारता घरी जायची. "हाई दखा वहिनी," म्हणत बरणी माझ्या नाकाखाली आणायचे, "जित्तं शे." जिवंत आहे म्हणे. मी पदर नाकाला लावायची. मग ते पुन्हा पुस्तकात यायचे आणि ठरलेलं वाक्य म्हणायचे, "नाक मुरडा, खुशाल मुरडा. पण नाक मुरडताना जी हवा आत घेतलीत ना, तीही यांनीच केली आहे."

हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं असेल.

या बरण्या आल्याआल्या त्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेत नेल्या होत्या. त्या पुन्हा घरी का आल्या त्याचीही एक हकीगत आहे, आणि ती मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मास्तरांना दहा मिनिटं काहीतरी शास्त्रीय बोलायला सांगितलं होतं. त्यांनी खिशातून एक लहान बरणी काढून टेबलावर ठेवली आणि सुरुवात केली. पृथ्वी आधी नुसती खडक आणि पाणी. हवा होती, पण आपल्याला श्वास घेता येईल अशी नव्हती. मग पाण्यात हे शेवाळ आलं. ते ऊन प्यायचं आणि प्राणवायू सोडायचं. किती काळ, ते सांगून उपयोग नाही, कारण आपल्या बोटांवर तेवढी पेरं नाहीत. तेवढा काळ ते एकटंच होतं. मासा नाही, किडा नाही, झाड नाही. त्याने हवा तयार करून ठेवली, मग बाकीचे आले, सगळ्यांच्या शेवटी आपण. "तेव्हा आपला सगळ्यात जुना पूर्वज पाहायचा असेल," असं म्हणून त्यांनी बरणी उचलली, "तर हा पाहा."

अध्यक्ष गावातले एक बडे व्यापारी होते. ते शांतपणे उठले. म्हणाले, "मास्तर, आमचे पूर्वज कोण ते गंगेवर आमच्या उपाध्यायांच्या वहीत लिहिलेलं आहे. त्यात या गृहस्थांचं नाव नाही."

सगळा मंडप हसला. मीही हसले. मास्तरही हसले आणि म्हणाले, "वहीची पहिली पानं फाटली असतील." यावर मात्र कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी त्यांना बोलावून सांगितलं, की शास्त्र शिकवा, पण हा विषय शाळेत नको, आणि त्या बरण्याही नकोत. एखाद्या मोठ्या विद्वानाने येऊन तुमचं म्हणणं खरं आहे असं सांगितलं तर बघू. तोवर घरी न्या.

अशा रीतीने ती सगळी हिरवी घाण आमच्या परसात परत आली. त्या अध्यक्षांवर मी इतकी चिडले की काही विचारू नका. त्यांना काय, पूर्वजांचा मान राखून ते घरी गेले, वास आम्हाला.

मास्तरांनी डोणीचा ताबा घेतला. तळाशी शेवाळ लावलं, वर वीतभर पाणी, आणि रोज सकाळी शाळेत जाण्याआधी त्यावर चिमूटभर बारीक चुनखडीची माती भुरभुरवायची. पूजेत चुकतील पण यात चुकायचे नाहीत. मी एकदा विचारलं, कशासाठी हे. तर म्हणाले, "माती पडली की याचा श्वास कोंडतो. मग हे मातीतून वर येतं, उजेडाकडे. वर आलं की उद्या पुन्हा माती. पुन्हा वर. असे थर होतात वहिनी. दुधावर साय धरते ना, तशा सायीवर साय."

त्या दिवसापासून मी दुधावरची साय खाल्लेली नाही.

जवळजवळ वर्षभर हे चाललं. डोणीत हाताच्या पंजाएवढा एक उंचवटा तयार झाला, बुळबुळीत, हिरवा, मधूनमधून बुडबुडे सोडणारा. तुळशीला पाणी घालायला गेले की तो माझ्याकडे बघतोय असं वाटायचं. एक दिवस माझ्या सहनशक्तीने हात टेकले. माझा भाऊ पिंपळगावला द्राक्षं लावत होता. वेलींवर मारायला तो मोरचूद आणायचा, त्यातली पुडी मी मागून घेतली होती, न्हाणीत टाकते म्हणून. ती पुडीच्या पुडी मी डोणीत रिकामी केली. दोन दिवसांत ते हिरवं पिवळं पडलं, मग राखेच्या रंगाचं झालं, आणि जो वास सुटला तो मी इथे लिहीत नाही.

मास्तर शाळेतून आले. डोणीशी बसले. बोट बुडवून पाण्याची निळी झाक पाहिली, मग माझ्या दाराकडे पाहिलं. मी आतून पाहत होते. त्यांना कळलं होतं. मी म्हटलं, आता बोलतील. त्यांनी पाणी उपसलं, ते मेलेलं तसंच उन्हात वाळू दिलं आणि आठवड्याने करवतीच्या पात्याने उभं कापलं. मग मात्र धावत आमच्या दारात आले. हातात तो वाळका तुकडा. "वहिनी, तुमचे उपकार झाले. मला मारायचा धीर होत नव्हता. मेलं म्हणून वाळलं, वाळलं म्हणून कापता आलं. दखा, थर दिसतात. आणि वर डोक्याशी जाड, बाजूला पातळ. चुना नुसता बसला असता तर डोक्यावरून घसरून खाली जाड झाला असता. इथे उलटं आहे. जिवंत होतं म्हणून उजेडाकडे वाढलं."

मी माफी मागणार होते, ती राहून गेली. मी माफी मागायच्या जागी जो माणूस उलट माझेच उपकार मानतो, त्याचा मला आणखीच राग येतो. माझा स्वभाव असा आहे.

आणखी एक प्रसंग सांगते, कारण मास्तरांनी चिडून बोललेलं मी तेवढंच एकदा ऐकलं. रामकुंडावरून गडूभर तीर्थ घेऊन मी येत होते. मास्तर अंगणात त्यांची पितळी दुर्बीण लावून बसले होते, सूक्ष्म वस्तू बघायची असते ती. म्हणाले, एक थेंब द्या. दिला. मग म्हणाले, बघा. मी बघितलं. त्या थेंबात हिरव्या माळा होत्या, आणि काहीतरी पायांनी वल्ही मारत फिरत होतं. मी गडू तिथेच ओतला.

"शेवाळाला भिऊ नका," ते म्हणाले.

मला संताप आला. म्हटलं, "तुम्हाला कसलीच किळस येत नाही का हो?"

"येते की," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम कोरडा झाला. "कुंडात कुजकी फुलं येतात, केस येतात, अर्धवट जळलेलं येतं, आणि त्यातच उभं राहून लोक आचमन करतात, त्याची येते. ते सगळं माणसाचं आहे. शेवाळ स्वच्छ असतं, वहिनी. घाण आपण करतो, ते बिचारं खातं."

त्यानंतर मला तीर्थ घेता आलं नाही. हातावर घ्यायची आणि डोक्यावरून मागे फिरवायची. इतकी वर्षं झाली, अजून तेच.

आता दगडाचं. गंगेकाठच्या एका धर्मशाळेत फरशी बसवत होते. दक्षिणेतल्या कुठल्या खाणीतून मालगाडीने लाद्या आल्या होत्या. त्यातली एक गवंड्याने बाजूला फेकली, कारण तिच्यावर तळपायाला कुरूप यावं तसे फुगवटे होते. मास्तर तिकडून चालले होते. सवयीप्रमाणे उचलली, चाटली, आणि आमचे हे सांगतात त्याप्रमाणे भर रस्त्यात खाली बसले. मग ती लादी डोक्यावर घेऊन घरी आले, गळाबंद कोटासकट. पाट्याएवढी लांबरुंद, दोन बोटं जाड.

मास्तरांचं म्हणणं असं, की डोणीत जे एका वर्षात झालं तेच या दगडात आहे. फक्त ते कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या उथळ पाण्यात झालं आणि दगड होऊन बसलं. शेवाळ केव्हाच गेलं, त्याची घडी राहिली. तेव्हा मोठमोठे विद्वानही यावर भांडत होते म्हणे. काही म्हणायचे हे जिवाचं काम आहे, काही म्हणायचे नुसता चुन्याचा साका. मास्तरांनी ठरवलं, लादीची एक बाजू घोटायची. आत थर कसे आहेत, डोक्याशी जाड की बाजूला जाड, हे आरशासारखं दिसलं पाहिजे. आधी नदीची जाड वाळू, मग वस्त्रगाळ वाळू, मग विटेची पूड, शेवटी ओलं चामडं. दर रविवारी, दोन वर्षं. आमच्या सामाईक भिंतीतून खर्र खर्र आवाज यायचा.

घोटून झाल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. कोरड्या दगडावर काही दिसत नव्हतं, नुसता राखाडी. "ओला केला की दिसतं," असं म्हणून त्यांनी दगड तोंडाशी नेला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जीभ फिरवली. सगळे पुढे वाकले. मी तोंड फिरवलं आणि घरी आले. त्यामुळे त्या दगडात काय होतं ते मी पाहिलंच नाही. हे लक्षात ठेवा.

मास्तरांनी कलकत्त्याच्या एका प्रोफेसरांना पत्रं लिहिली. भूगर्भाच्या विद्येत मोठं नाव असलेला माणूस. सहा पत्रांनंतर उत्तर आलं, की मुंबईला जाताना वाटेत एक दुपार नाशकात उतरेन आणि दगड पाहीन. मास्तरांनी ते पत्र हेडमास्तरांना दाखवलं. हेडमास्तर म्हणाले, ते हो म्हणाले तर बरण्याही परत आणा आणि वर्गातही खुशाल सांगा. नाही म्हणाले तर मात्र हा विषय कायमचा संपला, शाळेत नाही आणि गावातही नाही. मास्तरांनी कबूल केलं.

मास्तरांपेक्षा मलाच जास्त आनंद झाला होता. बरण्या जाणार होत्या. जेवणाचं मी आपण होऊन अंगावर घेतलं. त्या दिवशी सकाळी मास्तर हजामत करून, नवं उपरणं घेऊन दारात आले. इतके स्वच्छ मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "वहिनी, मी स्टेशनवर जातो. परत येईपर्यंत दुपार होईल. दगड तुळशीपाशी काढून ठेवलाय. तेवढा धुऊन ठेवाल? वरच्या बाजूला राख नका लावू, नुसत्या पाण्याने."

हो म्हटलं. पण धुणार कोण? दोन वर्षं त्या माणसाने तो दगड चाटला होता. उष्टा, नखशिखांत उष्टा. त्याला हात लावायचा आणि त्याच हाताने पाहुण्यांचा स्वयंपाक करायचा, हे माझ्याने होणार नव्हतं. नुसत्या पाण्याने तर नाहीच.

तेवढ्यात गल्लीतून गिरजेची हाक आली. गिरजा पाथरवटीण. दर दोनतीन महिन्यांनी यायची, पाट्या-जात्यांना टाकी लावून द्यायची. पाटा झिजून गुळगुळीत झाला की वाटण सरकतं, बारीक होत नाही, म्हणून त्याला छिन्नीने टोचून टोचून खरखरीत करायचं. आमच्यात सणाला, पाहुणा यायच्या आधी, टाकी लावतातच. गुळगुळीत पाटा म्हणजे आळशी बाईचं घर. आणि टाकीने वरचा जुना पापुद्रा निघून जातो, खालून नवा दगड येतो. त्याच्याइतकं स्वच्छ दुसरं काही नाही. मी आधी माझ्या पाट्याला टाकी लावून घेतली. मग म्हटलं, "तो तुळशीपाशी आहे, त्यालाही लाव."

गिरजेने दगडावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. छिन्नी खाली ठेवली.

"बाई, ह्यो पाटा नाय."

"मग काय आहे?"

"मला काय ठावं. पर हा कोन्ही हातानं घोटलाय. लय दिस घोटलाय. आमच्यात मूर्ती घडवत्यात, त्ये पन येवढं नाय घोटीत. टाकी मारू का खरंच?"

मी आत चुलीकडे पाहिलं.  कढईत तेल तापत होतं.

"दगड नरम हाय," ती म्हणाली. "चुन्याचा. येकदा मारली का मारली. इचारून घ्या कोनाला तरी."

"मार," मी म्हटलं. "उष्टा आहे तो."

तिने मारली. तिचा हात फार चांगला होता. एकसारखे ठिपके, ओळीत, इकडून तिकडे, कुठे जागा सोडली नाही. राखाडी दगड पांढरा फटक झाला. मी लांबून चार तांबे पाणी ओतलं, मग हळदीची दोन बोटं लावली, नव्या टाकीला लावतात तशी, आणि पाट मांडून त्यावर ठेवला.

माझ्या मनात त्या वेळी काय होतं, हे मी त्यानंतर पुष्कळदा तपासून पाहिलं आहे. बरण्या जाव्यात असं होतं, हे खरं. पाहुण्यासमोर दगड स्वच्छ दिसावा असंही होतं. पण गिरजा बोलल्यावर मला कळलं होतं. दोन वर्षं भिंतीतून आवाज ऐकला होता मी. कळूनसुद्धा मी मार म्हटलं, कारण मला किळस आली होती आणि ती मला मास्तरांच्या कामापेक्षा मोठी वाटली. सुरुवातीला म्हटलं ना, की आणखी एका माणसाची किळस आली. तो माणूस म्हणजे मी.

टांगा आला. प्रोफेसर ठेंगणे, गोरे, साहेबी टोपी घातलेले. मास्तर पुढे धावत आले, पाटाशी थांबले. दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या बोटांवरच्या हळदीकडे. त्यांचा चेहरा कसा झाला ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि असते तरी मी ते वापरले नसते. प्रोफेसरांनी इंग्रजीत काही विचारलं. मास्तरांनी एका वाक्यात उत्तर दिलं. पुढचं सगळं बोलणं इंग्रजीतच झालं, ते शेजारी उभ्या असलेल्या ह्यांनी मला नंतर सांगितलं. प्रोफेसरांनी विचारलं होतं, हे कोणी केलं. मास्तर म्हणाले होते, मीच करून घेतलं, चूक झाली.

प्रोफेसरांनी भिंग लावून कड पाहिली. कड ओबडधोबड होती. डोणीतला वाळका तुकडाही मास्तरांनी दाखवला. त्यावर ते म्हणाले, डोणीतलं डोणीत दिसतंय, दगडातलं दगडात कुठे आहे? चुना पाण्यात बसतो, त्याचे थर होतात, त्याला जीव लागत नाही. दगडाला लावलेलं बोट त्यांनी रुमालाने पुसलं. मग पोटभर जेवले आणि चटणीची तारीफ केली. ती त्याच सकाळी टाकी लावलेल्या माझ्या पाट्यावर वाटली होती.

मास्तर त्यांना स्टेशनवर पोचवून परत आले तेव्हा मी दारात उभी होते. काहीतरी बोलायचं होतं.

"राहू द्या वहिनी," तेच म्हणाले. "तुम्हाला काय कल्पना असणार. आत आहे ते. वरचंच गेलंय."

मला कल्पना होती, हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नाही. पुढच्या रविवारी भिंतीतून पुन्हा आवाज यायला लागला. जाड वाळू, खर्र खर्र. मी रविवारी सकाळी देवळात जाऊन बसायला लागले.

दिलेला शब्द त्यांनी पाळला. शाळेत, गावात, कोणापाशीही तो विषय काढला नाही. मला नाक मुरडण्यावरून बोलायचे तेही बंद झालं. मी मुद्दाम एकदा बरणीजवळ उभी राहून पदर नाकाला लावला, म्हटलं आता म्हणतील. ते नुसते बाजूला झाले. पुढे दमा सुरू झाला. हात चालेना. आधी अर्धा तास घासायचे, मग दहा मिनिटं, मग दगड मांडीवर घेऊन बसून राहायचे. शाळेने त्यांना घरी बसवलं. तेव्हा सटाण्याहून भाचा न्यायला आला.

जायच्या दिवशी सकाळी मोटार गल्लीच्या तोंडाशी उभी होती. भाचा सामान चढवत होता. बरण्या मास्तरांनी आधीच गंगेत रिकाम्या केल्या होत्या, जिथलं तिथे म्हणून. ते परसात धुण्याच्या दगडावर बसले होते, मांडीवर गोणपाटात ती लादी. मला पाहून गोणपाट उघडलं. टाकीचे पांढरे ठिपके सगळीकडे तसेच होते. फक्त मधोमध, बंद्या रुपयाएवढी जागा गुळगुळीत झाली होती.

"एवढंच झालं," ते म्हणाले. "पण आलंय. बघता?"

त्यांनी दगड तोंडाशी नेला आणि खोकल्याची उबळ आली. बराच वेळ खोकत राहिले. मग पुन्हा प्रयत्न केला. जीभ कोरडी ठणठणीत. "तोंडाला ओलच नाही," ते म्हणाले. "जाऊ दे. तुम्हाला आवडायचंही नाही."

विहीर चार पावलांवर होती. पोहऱ्यात पाणी होतं, ते मला दिसत होतं. मी त्यांच्या मांडीवरून दगड घेतला, डोळे मिटले आणि त्या रुपयाएवढ्या जागेवर जीभ टेकवली.

डोळे उघडले तर दगडात रेघा उमटल्या होत्या. केसासारख्या बारीक, एकीवर एक, कांदा उभा कापल्यावर दिसतात तशा. वर डोक्याशी जाड, बाजूला पातळ होत गेलेल्या. मला शास्त्र कळत नाही, पण वर्षभर डोणीत ते वाढताना मी रोज पाहिलं होतं. त्याला मीच मारलं होतं. ते मला ओळखू आलं.

"तेच आहे हो," मी म्हटलं.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. किती दिवसांनी त्यांची जीभ घरी गेली. "आठेच शे," ते म्हणाले, म्हणजे इथेच आहे. "म्हन्तू ना मी. आठेच शे."

गिरजेने मला विचारलं होतं, हे तेव्हाच सांगायचं होतं. शब्द तयार होते. पण जिभेवर चुन्याची खारट चव होती, आणि तो दगड कोणाचा उष्टा आहे ते आठवलं. आलेच हं, म्हणून मी चूळ भरायला आत गेले. एक भरली, दुसरी भरली, चव जाईना. बाहेर आले तेव्हा परसात कोणी नव्हतं आणि मोटार गेली होती.